बर्लिंग्टनचा वीजताळेबंद

अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन हे जेमतेम ४५ हजार वस्तीचे शहर. २०१४ साली तेथील नगराच्या मालकीच्या वीजखात्याने विनूस्की नदीवरील ७.४ मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प विकत घेतला आणि वर्षभरात लागते तितकी वीज नूतनक्षम स्रोतांतून मिळवण्याचा टप्पा गाठला.

हिशेबाची सवय असलेल्या वाचकाने मात्र येथे क्षणभर थांबावे. ही तोंडमिळवणी वर्षाअखेरची आहे. एखाद्या तासाला तूट पडली, तर वीज प्रादेशिक जाळ्यातूनच येते. शिवाय हरित विजेचे प्रमाणपत्र विजेपासून वेगळे विकता येते. बर्लिंग्टन आपली महाग प्रमाणपत्रे विकते, स्वस्त प्रमाणपत्रे खरेदी करते आणि त्या फरकातून ग्राहकांचे दर आटोक्यात ठेवते. व्यवहार उघड आणि कायदेशीर आहे. तरी मला तो हुंडीच्या वटवणुकीसारखा वाटतो.

बरीचशी वीज १९८४ पासून लाकडाच्या ढलप्यांवर चालणाऱ्या केंद्रातून येते. तोडलेले झाड पुन्हा वाढते खरे, पण ती परतफेड कित्येक दशकांची. नागरिकांतही यावरून वाद आहे.

२०३० पर्यंत घरांची ऊब आणि वाहनेही या हिशेबात आणण्याचा नगराचा संकल्प आहे. तूर्त तेथील हिवाळ्यात बहुतेक घरांत नैसर्गिक वायूच जळतो, आणि ते देणे विजेच्या ताळेबंदात दिसत नाही.