काकाजी, आकडे मोजू नका

पहाटे ५.१५. वर्धा, आर्वी नाक्याजवळची एक खोली. फ्रीजरमधून बर्फाची चार पाकिटं निघतात, खोक्यात बसतात. भाऊ एका खासगी लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्त घेतो. पगार बारा हजार, घरच्या प्रत्येक नमुन्यामागे वर तीस रुपये. पेट्रोल त्याचंच. म्हणून उतार आला की तो गाडी बंद करतो. मागे मी बसलेलो.

६.१०. दोन घरं, दोन्ही साखरेची. करड्या झाकणाच्या नळ्या. पाच-पाच मिनिटं.

७.५०. पवनार. काकाजी ओट्यावर. उजवा हात मांडीवर, अंगठा बोटांवर फिरतोय, तंबाखू मळल्यासारखा. "खाणं सोडून वीस वर्षं झाली जी," सून म्हणते, "हात अजून मळूनच राहिला."

चिठ्ठीवर थायरॉइड, बी-१२, कॅल्शियम, किडनी. उभं राहिल्यावर बीपी पडतं, म्हणून कॉर्टिसॉलही. हे हार्मोन सकाळी चढलेलं असतं, मग दिवसभर उतरत जातं. आठ म्हणजे आठ. नळीवर वेळ लिहावीच लागते.

भाऊ कोपराखाली उशी मागतो. डावा हात घेतो, तो शांत आहे. पट्टा, स्पिरिटचा कापूस, बारीक सुई. शिकताना त्याला सांगितलं होतं, पेशंटला आकडे मोजायला लावा, लक्ष दुसरीकडे जातं. इथे उलटं. मनात हिशेब सुरू झाला की ही थरथर वाढते. डॉक्टर तर मुद्दाम शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात, लपलेली थरथर बाहेर यावी म्हणून. "काकाजी, आकडे मोजू नका. नुसते बसा."

आधी पिवळं झाकण, मग जांभळं. जांभळी नळी जोरात हलवायची नाही. आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटसुलट करायची.

मग पावतीवर सही. पहिलं अक्षर हरभऱ्याएवढं, शेवटचं मुंगीएवढं. रिपोर्टमध्ये हे येत नाही. मला तर आजाराचा सगळ्यात बोलका पुरावा तोच वाटला.

"लगेच उठू नका. पाच मिनिटं."

९.२०. सेवाग्राम रोड. काकू स्वतः दार उघडतात. सहा महिन्यांपूर्वी यांचेही हात थरथरायचे, चाल आखडलेली, पोळी लाटता येईना. ॲसिडिटीसाठी वर्षभर एक गोळी चालू होती, तिच्यात लेव्होसल्पिराइड. हे औषध मेंदूतल्या डोपामिनची वाट अडवतं, म्हणून ती थरथर. प्रोलॅक्टिन या हार्मोनला लगाम डोपामिनचाच. लगाम सुटला, प्रोलॅक्टिन कितीतरी पट चढलं. त्यावरून डॉक्टरांचं लक्ष गोळीकडे गेलं. गोळी बंद केली. प्रोलॅक्टिन लवकर उतरलं, हात सुटायला महिने लागले. आज पुन्हा तपासणी. झोपेत हे हार्मोन वाढतं, म्हणून उठल्याबरोबर रक्त घेत नाहीत. काकू पाचला उठल्यात, चालेल. त्या चहा ठेवतात. भाऊ पुढच्या घराची वेळ सांगतो आणि थांबतो.

११.००. लॅब. पिवळ्या नळ्या अर्धा तास उभ्या, रक्त गोठेपर्यंत. मग मशिनमध्ये, मिनिटाला तीन हजार फेरे, दहा मिनिटं. वर पिवळसर पाणी, खाली लाल गाळ. दोन नळ्या समोरासमोर नसल्या तर मशीन टेबलावर नाचतं. नळी एकच असली, तर दुसरीत पाणी भरून वजन जुळवतात. हार्मोनच्या नळ्या दुपारच्या गाडीने नागपूरला, पंचाहत्तरेक किलोमीटर.

२.३०. डबा. पॅथॉलॉजिस्ट मॅडम सांगतात, मोठ्या संशोधन केंद्रांत न्यूरोफिलामेंट नावाचं प्रथिन रक्तात मोजतात. साध्या पार्किन्सनमध्ये, म्हणजे कंपवातात, ते फारसं वाढत नाही. पार्किन्सनसारखे दिसणारे दुसरे आजार आहेत, सुरुवातीलाच तोल जाणारे, पार्किन्सनच्या गोळीला दाद न देणारे. त्यांत वाढतं. ते नमुने उणे ऐंशी अंशांवर ठेवतात. भाऊ आपल्या खोक्याकडे बघतो. त्यात दोन ते आठ अंश, तेही बर्फ टिकला तर.

जेम्स पार्किन्सनने १८१७मध्ये या आजारावर लिहिलं तेव्हा त्याच्याकडे तपासणीच्या नळ्या नव्हत्या. सहा रोगी बघितले, त्यातले काही तर रस्त्यावर भेटलेले. आजही डॉक्टर आधी तेच करतात. बोटं आपटायला लावतात, चालवून बघतात, लिहायला देतात.

सायं. ७.१०. रिपोर्ट मोबाइलवर. काकाजींचं सगळं नॉर्मल. सुनेचा फोन येतो. "दोन हजारावर गेले भाऊ. नॉर्मल हाय, तं मंग हात कायले थरथरते?"

"थायरॉइड नाही, बी-१२ नाही, एवढं समजलं वहिनी. आता सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवा. आणि जाताना काकाजींच्या गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घाला. संपलेल्या बी. शेजाऱ्यानं दिलेल्या बी."