अन्नावशेषांपासून जैववायू

उरलेले शिजवलेले अन्न, ताटातील उष्टे, भाज्यांची देठे व साले, नासलेली फळे, गिरणीत सांडलेले पीठ इ. ओल्या सेंद्रिय पदार्थांचे हवाबंद टाकीत सूक्ष्मजंतूंकरवी विघटन घडवून मिळविलेला ज्वलनशील वायू. त्यात सामान्यतः ५५ ते ६५ टक्के मिथेन असून उरलेला बहुतांश भाग कार्बन डाय-ऑक्साइडाचा असतो. हायड्रोजन सल्फाइड व पाण्याची वाफ अल्प प्रमाणात असतात. शेणापासून मिळणारा गोबर वायू आणि हा वायू यांचे घटक एकच आहेत. भेद आहे तो कच्च्या मालाचा. परंतु त्या भेदामुळे संयंत्र चालविण्याची रीतच पालटते. शेणाच्या संयंत्राच्या सवयीने चालविलेले खरकट्याचे संयंत्र बहुधा काही आठवड्यांतच आंबून बंद पडते.

वर्ध्याची पार्श्वभूमी : महात्मा गांधींच्या प्रेरणेने डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व वर्धा येथील मगनवाडी हे त्याचे केंद्र बनले. संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा यांनी, साठ्यातून उपसली की संपणारी साधने आणि निसर्गाच्या चक्रातून पुनःपुन्हा निर्माण होणारी साधने असा भेद आपल्या अर्थविचारात पायाभूत मानला. रॉकेलऐवजी वनस्पतिजन्य तेलावर जळणारा ‘मगनदीप’ आणि धुराचा त्रास कमी करणारी ‘मगनचूल’ ही त्या विचाराची मगनवाडीतील दृश्य फळे होत. शेणाच्या गोवऱ्या थापून जाळल्या, तर चूल पेटते पण शेत खताला मुकते, ही अडचण मात्र चुलीच्या सुधारणेने सुटणारी नव्हती. ती सोडविली वायुसंयंत्राने. कारण त्यात इंधन मिळूनही शेणातील नायट्रोजन, फॉस्फरस व पोटॅश रबडीत (संयंत्रातून बाहेर पडणाऱ्या पातळ खतात) शिल्लक राहतात.

मलापासून वायू मिळवून तो दिवाबत्तीसाठी वापरण्याचा प्रयोग मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रयस्थानात १८९७ मध्येच झाला होता. शेणावरील पद्धतशीर संशोधन दिल्लीच्या कृषि संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी १९३९ च्या सुमारास केले. १९५० नंतर जशभाई पटेल यांनी तरंगत्या घुमटाचे संयंत्र सिद्ध केले व पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने ते देशभर नेले. आयोगाची जमनालाल बजाज केंद्रीय संशोधन संस्था मगनवाडीतच होती. महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था हे तिचेच पुढील रूप होय. देवेंद्रकुमार यांनी १९७६ मध्ये स्थापिलेल्या वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानेही ग्रामीण तंत्रांमध्ये जैववायूला स्थान दिले.

या साऱ्या परंपरेचे गृहीत एकच होते : गोठ्यात पुरेशी जनावरे आहेत. दररोज २ घ.मी. वायू देणाऱ्या संयंत्राला सु. ५० किग्रॅ. ताजे शेण लागते, म्हणजे चार-पाच मोठी जनावरे हवीत. वर्धा जिल्ह्याची स्वतःची गवळाऊ ही गोजात अंगाने हलकी, चपळ व कामाला काटक म्हणून नावाजलेली आहे. शेणाच्या बाबतीत तिच्याकडून फार अपेक्षा करता येत नाही. भूमिहीनाच्या घरी तर गोबर वायू कधी पोहोचलाच नाही, आणि शेतीत ट्रॅक्टर आल्यावर अनेक शेतकऱ्यांचे गोठेही रिकामे झाले. वसतिगृहे, रुग्णालये, आश्रमांची सामुदायिक स्वयंपाकघरे व मंगल कार्यालये यांचाही गोठ्याशी संबंध नसतो, परंतु त्यांच्याकडे खरकटे रोज जमते.

शेण व खरकटे यांतील अंतर : गाय जे खाते त्यातील सुपाच्य भाग तिच्या पोटात आधीच पचलेला असतो. तिच्या पहिल्या जठरात (रोमंथिकेत) मिथेन निर्माण करणारे सूक्ष्मजंतू असतात व तो मिथेन ती ढेकरेवाटे बाहेर टाकते. शेण हा या पचनानंतर उरलेला चोथा होय; म्हणून १ किग्रॅ. ताज्या शेणापासून सु. ४० लि. वायूच मिळतो. उलट १ किग्रॅ. कोरडा स्टार्च पूर्णपणे विघटित झाला, तर रासायनिक समीकरणानुसार सु. ८३० लि. वायू मिळावयास हवा. त्यात मिथेन व कार्बन डाय-ऑक्साइड समसमान असतील. शिजलेल्या भातात पाणीच सु. ७० टक्के असते. तरीही १ किग्रॅ. भातापासून सिद्धांततः २०० लि. हून अधिक, म्हणजे तेवढ्याच शेणाच्या पाचपट वायू मिळू शकतो. साली, देठे मिसळलेल्या नेहमीच्या खरकट्यात व्यवहारात १ किग्रॅ.मागे १०० लि. धरणे सुरक्षित ठरते.

पुण्यातील ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट, संक्षेपाने ‘आरती’, या संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ आनंद कर्वे यांनी नेमका हाच मुद्दा पुढे मांडला आणि पाण्याच्या दोन प्लॅस्टिक टाक्या एकीत एक उपडी बसवून घरगुती संयंत्र तयार केले. त्याला २००६ मध्ये ब्रिटनमधील अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. मोठ्या प्रमाणावरील कामासाठी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने शरद काळे यांच्या मार्गदर्शनाखाली ‘निसर्गऋण’ हे संयंत्र विकसित केले. त्यात कचऱ्याचा लगदा प्रथम वेगळ्या टाकीत गरम पाणी व हवा देऊन अर्धवट पचविला जातो आणि नंतरच मुख्य हवाबंद टाकीत सोडला जातो. पचनाच्या दोन पायऱ्या अशा वेगळ्या का करावयाच्या, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

प्रक्रिया व तिचा बिघाड : हवाबंद टाकीत प्रथम स्टार्च, प्रथिने व मेद यांचे पाण्यात विरघळणाऱ्या साध्या पदार्थांत विच्छेदन होते. दुसऱ्या गटातील सूक्ष्मजंतू त्यांपासून ॲसिटिक, प्रोपिऑनिक इ. बाष्पनशील अम्ले तयार करतात. तिसरा, मिथेनजनक सूक्ष्मजंतूंचा गट ॲसिटिक अम्लापासून किंवा हायड्रोजन व कार्बन डाय-ऑक्साइड यांच्यापासून मिथेन बनवितो [⟶ किण्वन, मिथेन]. अम्ल बनविणारे सूक्ष्मजंतू काही तासांत दुप्पट होतात, तर मिथेनजनकांना त्यासाठी कित्येक दिवस लागू शकतात. शेणात सुपाच्य अंश थोडा असल्याने अम्ल सावकाश तयार होते व मिथेनजनक त्याला पुरे पडतात. भात व पोळीचे अम्ल मात्र एका रात्रीत होते. ते साचले की पीएच मूल्य (अम्लता दर्शविणारा अंक) ७ च्या आसपास असावयाचे ते ६.५ च्या खाली जाते, मिथेनजनक निष्क्रिय होतात, आणि अम्ल संपविणारे कोणीच न उरल्याने ते आणखी साचते. गृहिणीच्या भाषेत, टाकी आंबते.

या बिघाडाचे पहिले लक्षण फसवे असते. वायू कमी होत नाही, उलट टोपण अधिक वर उचललेले दिसते. पण त्यात कार्बन डाय-ऑक्साइड अधिक असल्याने शेगडीची ज्योत फडफडते व विझते. बाहेर येणाऱ्या रबडीला आंबूस वास सुटतो. अशा वेळी भरणा वाढविणे ही सर्वांत मोठी चूक होय. आठवडाभर भरणा पूर्ण थांबवावा, ताज्या शेणाचा पातळ काला घालावा व आवश्यक तर थोडी चुन्याची निवळी द्यावी. तेवढ्याने न सुधारल्यास टाकी अर्धी रिकामी करून शेणकाल्याने नव्याने सुरुवात करावी लागते.

म्हणून संयंत्राचा प्रारंभ नेहमी शेणानेच करतात. शेण येथे विरजणाचे काम करते. निळ्या ज्योतीने जळणारा वायू मिळू लागल्यावर ठरलेल्या भरण्याचा दहावा हिस्सा खरकटे बारीक करून, समभाग पाण्यात कालवून द्यावे व आठवड्या-आठवड्याने वाढवीत न्यावे. मंगल कार्यालयात पंगत उठल्यावर पन्नास किलो भात उरला, की तो टाकीत लोटण्याचा मोह अनावर होतो. वसतिगृहात सुट्ट्या लागल्या की टाकी महिनाभर उपाशी राहते. दोन्ही प्रकार घातकच, तथापि पहिला अधिक. टाकी ही कचराकुंडी नसून गोठ्यातील जनावराप्रमाणे मापून चारा द्यावयाची वस्तू आहे, ही समज देणारा एक जबाबदार माणूस नेमल्याशिवाय संस्थेने संयंत्र बांधू नये.

भरण्यात काय नसावे, याचाही विचार हवा. हाडे, अंड्यांची टरफले, कांद्याची साल व नारळाच्या करवंट्या पचत नाहीत व नळ्या अडवितात. तेल-तुपापासून मिथेन पुष्कळ मिळतो, परंतु एकदम अधिक गेल्यास पृष्ठभागावर साय धरते व मेदाम्ले मिथेनजनकांना बाधतात. लोणच्याचे मीठही घातक ठरते. आर्वी, आष्टी व कारंजा (घाडगे) या संत्र्यांच्या भागात एक विशेष सावधगिरी आवश्यक आहे : संत्र्याच्या सालीतील लिमोनीन हे सुगंधी तेल सूक्ष्मजंतूंना विषारी असते, म्हणून साली वेगळ्या काढून खतखड्ड्यात टाकाव्यात. डाळीचे अवशेष मात्र उपकारक असतात. त्यांतील प्रथिनांपासून होणारा अमोनिया अम्लतेला काही अंशी आवर घालतो.

तापमान ३५° ते ३७° से. असताना विघटन उत्तम होते. वर्ध्याच्या उन्हाळ्यात हवेचे तापमान ४५° से. पर्यंत चढत असले, तरी जमिनीत बांधलेल्या टाकीला त्याची झळ कमी लागते. उघड्यावरील प्लॅस्टिक टाकीवर सावली हवी. डिसेंबर-जानेवारीत वायू घटतो. त्या दिवसांत भरणाही कमी करावा, अन्यथा न पचलेले अन्न साचून अम्लता वाढते.

उत्पन्नाचा हिशेब : उदाहरणादाखल, दोनशे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात माणशी १५० ते २०० ग्रॅ. खरकटे धरल्यास रोज ३० ते ४० किग्रॅ. जमेल. त्यापासून ३ ते ४ घ.मी. वायू मिळेल. १ घ.मी. जैववायू सु. ०.४५ किग्रॅ. द्रवीकृत खनिज तेल वायूची (स्वयंपाकाच्या सिलिंडरमधील वायूची) बरोबरी करतो; म्हणजे १४.२ किग्रॅ.चा एक सिलिंडर आठ ते दहा दिवसांत वाचेल. दोनशे माणसांचा स्वयंपाक त्यावर होणार नाही. प्रचारपत्रकांतून कधीकधी तसे सूचित केले जाते व नंतर संस्थेची निराशा होते. या संयंत्राचा निम्मा लाभ इंधनाचा असून निम्मा, उकिरडा न साचण्याचा आहे. दररोज १०० किग्रॅ. पेक्षा अधिक कचरा करणाऱ्या आस्थापनांनी ओल्या कचऱ्याची विल्हेवाट शक्यतो स्वतःच्या आवारातच लावावी, असे बंधन २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घातले. त्यामुळे या दुसऱ्या लाभाला महत्त्व आले. कार्बन डाय-ऑक्साइड व हायड्रोजन सल्फाइड काढून टाकून दाबाखाली भरलेला जैववायू वाहनांतही चालतो व त्याच्या उत्पादनाला २०१८ पासून केंद्र शासनाने चालना दिली. मात्र शुद्धीकरण व दाबयंत्राचा खर्च पाहता तो लहान स्वयंपाकघराच्या आवाक्यातील नाही.

खरकट्याची रबडी शेणाच्या रबडीहून पातळ व कमी तंतुमय असते. तिच्यात मिठाचा अंश असल्याने ती पाण्यात मिसळून द्यावी व रोपवाटिकेत वापरू नये. टाकी दुरुस्तीसाठी उघडल्यास आत लगेच उतरू नये; हायड्रोजन सल्फाइड व प्राणवायूचा अभाव यांमुळे माणूस क्षणात बेशुद्ध पडतो व त्याला वाचविण्यास उतरणाऱ्याचीही तीच गत होते. टाकी रिकामी करून, पंख्याने हवा खेळवून, कमरेला दोर बांधलेल्या माणसासच, वर दुसरे दोघे उभे असताना, आत सोडावे.