ताट का ढकलतो?

‘पोटात भूक भडकली की खाईल मुकाट्याने!’ असे आपल्याकडची वडीलधारी मंडळी म्हणतात, आणि साध्या हट्टी पोराच्या बाबतीत ते पुष्कळदा खरेही ठरते. स्वमग्न मुलाच्या, म्हणजे ज्याला ऑटिझम आहे अशा मुलाच्या बाबतीत मात्र हा हिशेब चुकतो. ते उपाशी राहील, पण नकोशा घासाला तोंड लावणार नाही.

अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अशा ११ मुलांची हकीगत लिहिली; तीतही खाण्याच्या तक्रारी आहेतच. कारण काय म्हणाल, तर आपल्याला जी खमंग फोडणी वाटते, ती यांतल्या पुष्कळ मुलांच्या नाकात झणझणत जाते. मऊ भातात दाताखाली आलेला मोहरीचा दाणा तुम्हांआम्हांला कळतही नाही. त्यांना तो खड्यासारखा लागतो. त्यात ताटांचा खणखणाट, पंगतीतला गलबला, शेजाऱ्याचा धक्का, आणि वर ‘खा, खा’ म्हणून आपला लकडा! बिचाऱ्याने खावे कसे?

माझ्या पाहण्यातला एक मुलगा शाळेत पोषण आहाराची खिचडी समोर आली की ताट ढकलून उठे. ‘माजलाय’ असा शेरा त्याला मिळून चुकला होता. त्याच्या बाईंनी घरी चौकशी केली. तेव्हा कळले, की तो भात खातो, वरणही खातो. दोन्ही एकमेकांना लागलेले त्याला चालत नाही. बाईंनी त्याला व्हरांड्याच्या टोकाला, गलक्यापासून दूर बसविले आणि घरचा डबा आणू दिला. भात एकीकडे, वरण वाटीत. शेजारी चमचाभर खिचडी नुसती ठेवायची, खाल्ली नाही तर चकार शब्द काढायचा नाही. काही आठवडे त्याने ती नुसती पाहिली. मग बोट लावले, मग हुंगली. जिभेपर्यंत यायला दिवाळी उजाडली! आजही तो खिचडी मिटक्या मारीत खातो असे नाही. पण पंगतीतून पळत नाही, पोटभर जेवतो.

घरीही हेच करा. ताटात त्याच्या आवडीचा एक तरी पदार्थ असू द्या. नवे आणाल ते आवडीच्या जवळचे आणा. कुरकुरीत आवडणाऱ्याला बटाट्याची मऊ भाजी नको, काचऱ्या द्या. आणि आयांनो, पोळीत भाजी लपवून भरवू नका बरे! एकदा कळले, की पोळीवरचाही विश्वास उडतो.

मूल दोन-तीन पदार्थांवरच आले, वजन घटू लागले, घास गिळताना ठसकू लागले, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. दात दुखत असेल, पोट साफ होत नसेल. ते त्याला सांगता येईलच असे नाही.