डबा चालू, पडदा काळा

"मामा, पंखा फिरायलाय, लाईट लागायलीय, पण पडदा काळाच."

भाच्याचा फोन आला तेव्हा मी लातुरात होतो. लग्नाच्या तीन व्हिडिओंचं काम अंगावर, आणि नवाकोरा कॉम्प्युटर मुका. दुसऱ्या दिवशी एसटी धरून शिरूर अनंतपाळला गेलो ते खरं तर समजूत घालायला. यंत्रातलं मला काय कळणार!

ताईच्या घरची पुढची खोली म्हणजे भाच्याचा स्टुडिओ. दिवसा लग्नाचं एडिटिंग, अल्बम, वाढदिवसाचे फ्लेक्स. रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंटचा खेळ. भिंतीला सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी. जुना डबा उघडा पडला होता. त्याच्या पंख्यावर सोयाबीनचं बारीक भूस इतकं दाट बसलं होतं, की ब्रश फिरवल्याबरोबर खोलीभर मळणीचा वास सुटला. तो दिवसभर गेला नाही.

हा जुना डबा त्याने 'आय-७' एवढ्या एका शब्दावर घेतला होता, वापरलेला, स्वस्तात. आत निघाला ४७७०, म्हणजे चौथ्या पिढीचा, २०१३ सालचा. चार कोअर, आठ थ्रेड. बाराव्या पिढीच्या साध्या आय-३ १२१०० मध्येही तेवढेच कोअर, तेवढेच थ्रेड, आणि तरी तो या आय-७ला सहज मागे टाकतो. 'आय'पुढचा आकडा म्हणजे वर्गातला नंबर. वर्ग कुठल्या सालचा, ते त्याच्या पुढच्या आकड्यात. लातूर पॅटर्नच्या जिल्ह्यात राहून आपण वर्ग न विचारता नंबर विकत घेतो! शिवाय विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या यादीत ही पिढी नाही.

म्हणून नवा घेतला, आय-५ १२४००एफ. सहा कोअर, बारा थ्रेड. साध्या १२४०० पेक्षा स्वस्त दिसला म्हणून ऑनलाइन मागवला. शेवटच्या 'एफ'चा अर्थ असा, की चिपच्या पोटातला चित्र उमटवणारा भाग बंद. वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवल्याशिवाय पडदा उजळायचा नाही, आणि कार्ड तर पुढच्या लग्नसराईत घ्यायचं ठरलेलं. विकणाऱ्याने सांगितलं नाही, याने विचारलं नाही. मला विकणाऱ्याचाच राग आला.

दुपारी निलंग्याहून कॉम्प्युटरचा मिस्त्री आला. सतरंजीवर मांडी घालून बसला आणि स्पीडबद्दल अवाक्षर न काढता म्हणाला, "इन्व्हर्टर केवढा हाय?"

"चिप पासष्ट वॅटचीच हाय की," भाचा म्हणाला.

"पासष्ट? जोर लावला की एकशे सतरा."

दोन्ही आकडे कंपनीचेच. ६५ वॅट नेहमीच्या चालीचे, ११७ भरधाव पळतानाचे. ताईने आतून ऐकलं. संध्याकाळपर्यंत तिने दोनदा विचारलं, "पासष्ट का एकशे सतरा?" बिल तिच्या नावावर येतं.

आता काय घ्यायचं? एका लग्नपत्रिकेच्या मागे मिस्त्रीने दोन नावं लिहिली. रायझन ५ ५६००जी आणि बिनएफचा १२४००. खेळासाठी पहिला बरा. त्याच्या पोटातलं ग्राफिक्स १२४०० च्या ग्राफिक्सपेक्षा जोरकस; मात्र रॅमच्या दोन पट्ट्या लावायच्या, एकीवर ते धापा टाकतं. पण पुढे वेगळं कार्ड लावलं की हाच ५६००जी थोडा मागे पडतो, कारण त्याची कॅशे १६ एमबी, जी नसलेल्या ५६०० ची ३२. आणि कॅमेऱ्यातून आलेला जड व्हिडिओ झरझर उलगडायला इंटेलच्या ग्राफिक्स भागात क्विक सिंक आहे. 'एफ'मध्ये तेही गेलं होतं. लग्नाच्या व्हिडिओवर पोट असलेल्या माणसाने नेमका तोच भाग वगळून चिप घ्यावी!

भाच्याची नजर ५६००जी वर होती. मिस्त्रीने बोर्डावर बोट टेकवलं. "हे इंटेलचं हाय. रायझन घ्यायचा तर बोर्डबी बदल." वाद तिथेच मिटला. एफवाला उदगीरच्या एका पोराने घेतला, त्याच्याकडे कार्ड होतं. साधा १२४०० दोन दिवसांनी आला. तोवर मीही थांबलो.

बसवण्याचं काम तसं पाच मिनिटांचं. पण तो क्षण मला अजून दिसतो. सॉकेटचं नावच एलजीए १७००. बोर्डावर तेवढ्या केसासारख्या पिना, एक जरी वाकली तरी बोर्ड गेला. मिस्त्रीने चिप दोन कडांना धरली, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवला आणि श्वास रोखून ती नुसती ठेवली, दाबली नाही. मग दांडी खाली ओढली तशी करकर वाजली. भाच्याने डोळे मिटले.

"वाजतंयच ते," मिस्त्री म्हणाला.

पडदा उजळला. रात्री व्हॅलोरंट नीट चाललं. जीटीए फाइव्ह अडखळलं, तेव्हा भाच्याने चित्र ७२० वर आणलं आणि रस्ते धुरकट झाले. इतक्यात नवरीच्या आईचा फोन आला, पेनड्राइव्ह कधी देता म्हणून. भाच्याने खेळ बंद केला. ताईने पोत्यांची थप्पी डब्यापासून हातभर लांब सरकवायला घेतली आणि मला म्हणाली, "धर तिकडून."