न झिजणारी झीज

तळेगाव दाभाडे, चाकण, भोसरी या पट्ट्यात ज्यांचं पोट गिअर आणि शाफ्ट यांवर चालतं, त्यांना ‘केस हार्डनिंग’ हा शब्द नवा नाही. कमी कार्बनचं पोलाद भट्टीत नऊशे अंशांच्या आसपास तापवायचं, त्याच्या पृष्ठभागात कार्बन मुरू द्यायचा आणि मग तेलात बुडवून एकदम थंड करायचं. वरचा थर कडक होतो, आतला गाभा चिवट राहतो. दात लवकर झिजत नाहीत आणि धक्क्यानं तुटतही नाहीत.

हाच शब्द आता घरातल्या मुलाच्या तोंडून अगदी वेगळ्या अर्थानं ऐकू येऊ शकतो. “केस हार्डन्ड आहे, पण निळा कमी आहे,” असं तो मित्राला फोनवर सांगत असेल, तर बोलणं कारखान्याचं नाही. ते ‘काउंटर-स्ट्राइक’ या व्हिडिओ गेममधल्या एका बंदुकीच्या रंगाचं आहे. त्या रंगरूपाला ‘स्किन’ म्हणतात. आणि या बोलण्यामागे पैसा असतो. कधी शंभर रुपये, कधी कारखान्यातला महिन्याचा पगार. मी कविता लिहिणारा माणूस, बंदुकीशी माझं काही नातं नाही. पण एका रंगाला शंभर रुपये आणि तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या रंगाला लाख रुपये का पडतात, हे कोडं समजून घेण्यासारखं आहे.

आधी स्किन म्हणजे काय ते पाहू. गेममधल्या हत्यारावर चढवायचा हा पोशाख. तो चढवल्यानं नेम सुधारत नाही की गोळी अधिक जोरात लागत नाही. अमेरिकेतल्या व्हॉल्व या कंपनीनं ऑगस्ट २०१३ मध्ये या स्किन आपल्या गेममध्ये आणल्या. २०२३ मध्ये गेमची नवी आवृत्ती आली, तेव्हा जुन्या स्किन तिच्यातही चालू राहिल्या. खेळाडूला एक बंद पेटी मिळते, ती उघडायला किल्ली विकत घ्यावी लागते आणि आत काय निघेल ते नशिबावर. चीनमधल्या नियमांमुळे २०१७ मध्ये या नशिबाचे आकडे जाहीर झाले. सर्वांत दुर्मीळ गटातली वस्तू, म्हणजे बहुधा चाकू, निघण्याची शक्यता शेकडा ०.२६. म्हणजे सरासरी ३८५ पेट्यांमागे एक. दुर्मीळपणाची ही झाली पहिली पायरी. खरी गंमत पुढे आहे. एकाच नावाच्या दोन स्किनही सारख्या नसतात. त्यांच्यातला फरक दोन गोष्टींनी ठरतो: नक्षी आणि झीज.

नक्षीचं समजायला आपल्याकडची शिवराई हाताशी घ्यावी. शिवछत्रपतींच्या या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरं. नाणी हातोड्यानं ठोकून पाडली जात. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे पूर्ण मजकूर प्रत्येक नाण्यावर मावतच नसे. एका नाण्यावर ‘श्री’ कापला जाई, दुसऱ्यावर कडेची ठिपक्यांची माळ थोडी दिसे. सगळी नाणी एकाच किमतीची, पण आजचा संग्राहक ज्यावर सगळी अक्षरं आणि माळ नीट उतरली आहे त्यालाच अधिक पैसे मोजतो. ठसा कुठे पडला, यावर आज मोल ठरतं.

गेममध्ये नेमकं हेच होतं. फक्त हातोड्याच्या जागी एक आकडा असतो. नक्षीचं मोठं चित्र संगणकात असतं. स्किन जन्माला येते त्या क्षणी तिला शून्य ते हजार यांमधला एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक ते चित्र किती सरकवायचं, किती फिरवायचं हे सांगतो आणि त्यातला जो भाग बंदुकीवर पडेल तो कायमचा तिचा. काही स्किनमध्ये यानं काही फरक पडत नाही, कारण त्यांची नक्षी जागच्या जागी पक्की असते. ‘रेडलाइन’ नावाची काळ्या-लाल रंगाची स्किन तशी आहे. तिचा नक्षी-क्रमांक कोणी विचारत नाही. पण ‘केस हार्डन्ड’मध्ये निळा, जांभळा आणि सोनेरी असे धब्बे असतात. इथे क्रमांकच सर्वस्व. एके-४७ बंदुकीचा ६६१ हा क्रमांक जगभरच्या संग्राहकांना पाठ आहे, कारण त्यात बंदुकीचा वरचा भाग जवळजवळ पूर्ण निळा येतो. अशी एक बंदूक, अंगावर चार दुर्मीळ स्टिकरं असलेली, जून २०२४ मध्ये दहा लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्याच नावाची पण पिवळट धब्ब्यांची बंदूक तिच्या पासंगालाही पुरत नाही.

निळ्याचंच एवढं कौतुक का? जुने बंदूक-कारागीर पोलादाचे भाग हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात पुरून तापवत आणि पाण्यात ओतत. त्या वेळी पृष्ठभागावर अतिशय पातळ थर तयार होऊन असे रंग उमटत आणि दोन तुकडे कधी सारखे येत नसत. गेमनं ती कल्पना तिथून उचलली. पण चाकणच्या कारखान्यातल्या तपासनिसाला विचारा. गिअरला ग्राइंडिंग करताना पोलाद प्रमाणाबाहेर तापलं तर त्यावर निळसर-तपकिरी डाग येतो. तो डाग दिसला की तो नग बाजूला जातो, कारण तिथला कडकपणा बिघडलेला असण्याची भीती असते. एका ठिकाणी निळा रंग म्हणजे रिजेक्शन, दुसऱ्या ठिकाणी तोच निळा रंग म्हणजे रत्न. तपासनिसाच्या नकाराला कारण आहे, ते मोजून दाखवता येतं. संग्राहकाच्या होकाराला एवढंच कारण की निळा कमी निघतो आणि पुष्कळांना तो हवा आहे.

आता झीज. प्रत्येक स्किनला जन्मतःच शून्य ते एक यांमधला दशांशातला एक आकडा मिळतो. खेळाडू त्याला ‘फ्लोट’ म्हणतात. शून्याजवळ म्हणजे कोरी करकरीत, एकाजवळ म्हणजे पार खरवडलेली. या आकड्यावरून पाच नावं पडतात. ०.०७ पर्यंत ‘फॅक्टरी न्यू’, ०.१५ पर्यंत ‘मिनिमल वेअर’, ०.३८ पर्यंत ‘फील्ड-टेस्टेड’, ०.४५ पर्यंत ‘वेल-वॉर्न’ आणि त्यापुढे ‘बॅटल-स्कार्ड’. ०.०६९ आणि ०.०७१ या दोन स्किन डोळ्यांना सारख्याच दिसतात. पण पहिलीला ‘कारखान्यातून नवी’ हे बिरुद मिळतं आणि किंमत एकदम उडी घेते. ५९.९ टक्के आणि ६० टक्के यांत ज्ञानाचा फरक किती, आणि फर्स्ट क्लासचा फरक किती, हे आपल्याला ठाऊक आहेच.

शिवाय प्रत्येक स्किनची झिजेची हद्द आखलेली असते. रेडलाइनचा आकडा ०.१० च्या खाली जातच नाही, म्हणून कोरी रेडलाइन जगात नाही. ‘असिमोव्ह’ नावाची पांढऱ्या-नारिंगी रंगाची स्किन ०.१८ पासून सुरू होते. हिच्याबाबत तर उलटाच प्रकार. ती अगदी शेवटच्या टोकाला झिजलेली असली की बंदुकीची दुर्बीण पूर्ण काळी दिसते. लोकांना ते आवडलं, नाव पडलं ‘ब्लॅकिमोव्ह’ आणि थोड्या झिजलेल्या ‘बॅटल-स्कार्ड’पेक्षा पार झिजलेलीला जास्त भाव येऊ लागला.

पण सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट अशी की ही झीज वापरानं होत नाही. तुम्ही ती बंदूक दहा वर्षं रोज चालवा, आकडा तसूभरही हलणार नाही. आपल्या जगात झीज ही कोणीतरी केलेल्या कामाची खूण असते. दर्ग्याची पायरी आणि देवळाची पायरी पावलांनी झिजते, पाटा वरवंट्यानं झिजतो, शिवराईवरची अक्षरं बाजारातल्या हजारो बोटांनी पुसली गेली. गेममधला ओरखडा कोणाच्याही हातून पडलेला नसतो. तो जन्मपत्रिकेतच लिहून आलेला असतो.

याचा व्यवहारावर परिणाम काय? शिवराई पुन्हा पाडता येत नाही. ती टांकसाळ गेली, ते राज्य गेलं. स्किनची टांकसाळ मात्र चालू आहे आणि तिचे नियम कंपनीच्या हातात आहेत. २२ ऑक्टोबर २०२५ रोजी कंपनीनं एक नियम बदलला. लाल दर्जाच्या पाच स्किन देऊन चाकू किंवा हातमोजे मिळवता येतील, असं ठरलं. तोवर चाकू पेटीतून नशिबानंच निघत होता. चाकूंचे भाव कोसळले, लाल स्किनचे चढले आणि या बाजाराचं एकूण मूल्य एक-दोन दिवसांत जवळपास २ अब्ज डॉलरनी घटल्याचे अंदाज छापून आले. नक्षी तीच होती, झीज तीच होती. बदलला होता फक्त नियम.

म्हणून घरातल्या मुलानं असा सौदा काढला तर रागावण्याआधी त्याच्या शेजारी बसा आणि विचारा. नुसतं नाव पाहून भाव ठरवलास, की फ्लोट आणि नक्षी-क्रमांक दोन्ही पाहिलेस? या स्किनमध्ये नक्षीनं खरंच फरक पडतो का, की विकणारा उगाच क्रमांकाचं भांडवल करतो आहे? आणि विकायची वेळ आली तर पैसे कुठे येणार? कंपनीच्या स्वतःच्या बाजारात सौद्यावर शेकडा १५ शुल्क आहे आणि मिळालेली रक्कम तिथल्याच पाकिटात राहते, बँकेत येत नाही. रोख हवी तर बाहेरच्या बाजारात जावं लागतं आणि तिथे फसवणूक करणारेही दबा धरून असतात.

एवढी उत्तरं नीट आली आणि तरीही त्याला तो निळा रंग हवाच असेल, तर सुट्टीतल्या सिनेमाएवढे पैसे त्यावर खर्च करायला हरकत नाही. रंग आवडणं हा काही गुन्हा नाही. फक्त त्या रंगाला कोणी मुदत ठेव म्हणू लागलं, की त्याला आपल्या कारखान्यातला गिअर दाखवावा. त्याची किंमत तो किती वर्षं फिरणार यावर ठरते, आणि फिरताना तो खरोखर झिजतो.