खेळाडू-समालोचक
स्पर्धात्मक खेळातून निवृत्त झाल्यावर नभोवाणी वा दूरचित्रवाणीवरून सामन्याचे धावते वर्णन, विवेचन किंवा निवेदन करणारी व्यक्ती. क्रीडाप्रक्षेपणाच्या वाढीबरोबर हा एक स्वतंत्र व्यवसाय बनला आहे.

क्रीडासमालोचनाच्या आरंभापासून खेळाडूंचा त्याच्याशी संबंध आहे. ब्रिटिश नभोवाणीवरील पहिले फुटबॉल-समालोचन २२ जानेवारी १९२७ रोजी आर्सेनल व शेफील्ड युनायटेड यांच्यातील सामन्याचे झाले. ते करणारे टेडी वेकलम हे पूर्वाश्रमीचे रग्बी खेळाडू होते. श्रोत्यांना चेंडूची जागा कळावी म्हणून मैदानाचे क्रमांकित चौकोन पाडलेला आराखडा आधी छापण्यात आला होता आणि दुसरा निवेदक चौकोनाचा क्रमांक उच्चारीत असे. व्यावसायिक फुटबॉलपटूंपैकी जिमी हिल यांनी दूरचित्रवाणीवर तज्ज्ञांच्या चर्चेची पद्धत रूढ करण्यास मोठा हातभार लावला. गॅरी लिनेकर १९९४ मध्ये निवृत्त झाले व १९९९ ते २०२५ या काळात ब्रिटनमधील फुटबॉलविषयक प्रमुख साप्ताहिक कार्यक्रमाचे निवेदक होते.

भारतात ही परंपरा मुख्यतः क्रिकेटमध्ये वाढली. फुटबॉलचा खेळ अखंड चालतो. क्रिकेटमध्ये मात्र दोन चेंडूंच्या व दोन षटकांच्या दरम्यान विवेचनास अवकाश मिळतो. विजय मर्चंट, लाला अमरनाथ इ. कसोटीपटूंनी नभोवाणीवर समालोचन केले. रणजी करंडक स्पर्धेत महाराष्ट्राकडून खेळलेले बाळ ज. पंडित यांच्या आकाशवाणीवरील समालोचनामुळे इंग्रजी न जाणणाऱ्या श्रोत्यांनाही हा खेळ मराठीतून समजू लागला.

नागपूरच्या इतिहासात या परंपरेचे टप्पे स्पष्ट दिसतात. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. ऑक्टोबर १९६९ मध्ये विदर्भ क्रिकेट संघटनेच्या मैदानावर शहरातील पहिला कसोटी सामना झाला व न्यूझीलंडने भारताचा १६७ धावांनी पराभव केला. त्या वेळी भारतात दूरचित्रवाणी दिल्लीपुरतीच मर्यादित असल्याने, मैदानाबाहेरच्या रसिकांना चालू सामना कळण्याचे साधन म्हणजे नभोवाणीच होती. त्याच मैदानावर ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी विश्वचषक स्पर्धेत सुनील गावसकर यांनी न्यूझीलंडविरुद्ध नाबाद १०३ धावा केल्या. एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यांतील हे त्यांचे एकमेव शतक होय. पाच दिवसांनी मुंबईत ते अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना खेळले आणि पुढे भारतातील अग्रगण्य समालोचकांत त्यांची गणना होऊ लागली. सौरव गांगुली यांचा अखेरचा कसोटी सामना नागपूरजवळील जामठा येथे नोव्हेंबर २००८ मध्ये झाला. त्यांनीही नंतर समालोचन केले.

माध्यमानुसार समालोचकाचे काम बदलते. नभोवाणीवर शब्दच चित्र उभे करतात. म्हणून धावसंख्या, क्षेत्ररचना व चेंडूची दिशा वारंवार सांगावी लागते. दूरचित्रवाणीवर दृश्य समोर असल्याने घटना का घडली हे सांगणे महत्त्वाचे ठरते. गोलंदाजाची पकड, फलंदाजाचा पदन्यास, कर्णधाराचा हेतू यांचा उलगडा करताना खेळाडूचा अनुभव उपयोगी पडतो. मात्र शब्दसंपदा, संयम आणि योग्य वेळी मौन पाळणे ही कौशल्ये त्याला नव्याने आत्मसात करावी लागतात.

प्रक्षेपणहक्कांचे आर्थिक मूल्य वाढल्यावर या व्यवसायापुढे स्वातंत्र्याचा प्रश्न उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, न्या. प. बा. सावंत यांचा समावेश असलेल्या पीठाच्या निर्णयात, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे म्हटले. २००७ च्या अधिनियमाने राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे प्रक्षेपण प्रसारभारतीलाही उपलब्ध करून देणे बंधनकारक झाले. यामुळे सामान्य प्रेक्षकाचा पाहण्याचा हक्क काही अंशी सुरक्षित झाला. परंतु समालोचकाच्या मताला तसे संरक्षण मिळालेले नाही. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने स्वतः समालोचक करारबद्ध केल्याची उदाहरणे आहेत. अशा व्यवस्थेत ज्या संस्थेच्या कारभाराची चिकित्सा करावयाची, तीच मानधन देणारी असते. समालोचकाची खरी मालमत्ता म्हणजे त्याच्या शब्दावरील श्रोत्यांचा विश्वास. खेळाडू म्हणून मिळविलेली कीर्ती त्याला ध्वनिक्षेपकापर्यंत नेते. पुढे तो विश्वास टिकवणे त्याच्या निःपक्षपातीपणावर अवलंबून असते.