इंद्रायणीचे मावळखोरे

लोणावळ्यानजीक कुरवंडे गावाच्या परिसरात इंद्रायणी उगम पावते. मावळ तालुक्यातून पूर्वेकडे वाहत ती देहू व आळंदी येथे पोहोचते आणि तुळापूर येथे भीमेस मिळते. वारकऱ्यांची नदी म्हणून ती सर्वांस ठाऊक आहे. तिच्या वरच्या खोऱ्याचा परिचय मात्र त्या मानाने थोडा.

हे खोरे प्राचीन घाटवाटांचे होय. कोकणातून वर येणाऱ्या व्यापारी मार्गालगत भाजे येथे इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात लेणी कोरली गेली. पुढे कार्ले येथे सुमारे 38 मीटर लांबीचे भव्य चैत्यगृह घडले. कार्ल्याच्या एका शिलालेखात भिक्षुसंघास गाव दान दिल्याची राजाज्ञा ‘मामाल’ येथील अमात्यास उद्देशून आहे. मावळ हे नाव त्यावरूनच आले, असे मानले जाते. चैत्यगृहासमोरच्या एकवीरा देवीच्या चैत्री यात्रेस किनारपट्टीवरील कोळी व आगरी बांधव पालख्या घेऊन येतात. दक्षिणेकडील लोहगडाचा 2025 साली जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

भात हे येथील मुख्य पीक. वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्राने विकसित केलेल्या सुवासिक वाणास ‘इंद्रायणी’ हेच नाव मिळाले. गावोगावच्या शेतकऱ्यांबरोबरच महादेव कोळी, ठाकर, कातकरी व धनगर समाजही या डोंगरपट्ट्यात राहतो.

मात्र घाटमाथ्यावरील सर्वच पाऊस पूर्वेकडे वाहत नाही. लोणावळा, वळवण व शिरोता या तलावांत अडविलेले पाणी पश्चिमेस पाचशे मीटरांहून अधिक खाली खोपोलीस उतरविले जाते. तेथे 1915 पासून वीजनिर्मिती होत आहे. मुंबईच्या उद्योगांस बळ मिळाले ते मावळच्या पावसातून.

पावसाळ्यात मात्र हीच शांत नदी रौद्र रूप धारण करते. 15 जून 2025 रोजी कुंडमळा येथील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला व चौघांचा मृत्यू झाला. जुन्या पुलांची पावसाळ्यापूर्वी तपासणी करणे, धोकादायक पूल केवळ फलक लावून न थांबता प्रत्यक्ष बंद करणे आणि ग्रामस्थांना पर्यायी वाट देणे, ही कामे पुढे ढकलण्याजोगी नाहीत. ग्रामपंचायतीने वेळीच लेखी कळवावे, संबंधित खात्याने वेळीच कृती करावी आणि शिक्षकांनी मुलांना नदीची ओळख करून देताना तिच्या प्रवाहाचे भानही द्यावे. या खोऱ्याचा वारसा जपणे म्हणजे लेणी व गड यांच्याइतकीच तेथील माणसे जपणे होय.